औषध स्वस्त, पण दोरी कुणाच्या हाती?

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. नातवाचा कान दुखत होता, अंगात ताप होता. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध लिहून दिले. पहिल्या दुकानात ते नव्हते, दुसऱ्यात नव्हते, तिसऱ्यात "पुढच्या आठवड्यात चौकशी करा" असे उत्तर मिळाले. शेवटी घरापासून पंचवीस मैलांवर एका दुकानात एक बाटली मिळाली. घरी आल्यावर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही जन्मभर औषध कंपनीच्या खरेदीखात्यात होतात ना? मग एवढ्या श्रीमंत देशात साधे अमॉक्सिसिलिन का मिळू नये?"

त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खरे उत्तर द्यायला हा लेख लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तो तुटवडा कुणा शत्रूने घडवलेला नव्हता. त्या हिवाळ्यात लहान मुलांमध्ये श्वसनाच्या आजारांची साथ होती आणि मागणी एकदम वाढली. पण मागणी वाढली की पुरवठा का वाढवता येत नाही, हे शोधायला गेलो आणि माझ्याच जुन्या कामाचा हिशेब मांडायची वेळ आली.

गोळीची कुळकथा

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातले. मोठमोठ्या टाक्यांमध्ये साखरेच्या पाण्यावर बुरशी वाढवून आधी पेनिसिलिन जी तयार करतात. त्यापासून एक मधला पदार्थ बनतो आणि त्यापासून अमॉक्सिसिलिन. गोळी कुठे दाबली, बाटली कुठे भरली हे लेबलवर कळू शकते. त्या टाक्या कुठे आहेत, ते लेबल सांगत नाही.

एके काळी त्या टाक्या अमेरिकेत होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचे प्रचंड उत्पादन याच देशाने करून दाखवले. आपल्याकडेही होत्या. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. पुढे चीनने सरकारी पाठबळावर अवाढव्य कारखाने उभारले, भाव पाडले, आणि एकेक टाकी बंद होत गेली. आज भारतीय कंपन्या अमेरिकेला गोळ्या भरपूर पुरवतात, पण भारतात आयात होणाऱ्या मूळ औषधी द्रव्यांपैकी निम्म्याहून अधिक चीनमधून येतात. म्हणजे आपण "मेड इन इंडिया" वाचून निश्चिंत होतो, पण मूळ अनेकदा पलीकडे असते.

माझा वाटा

हे सगळे आपोआप घडले नाही. माझ्यासारख्या माणसांनी ते सह्या करून घडवले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या टेबलावर दोन भावपत्रके असायची, एक युरोपातले आणि एक चीनमधले. कागदपत्रे दोघांची ठीक, भाव चीनचा कमी. मी स्वस्त भाव निवडला आणि साहेबांनी पाठ थोपटली. "उद्या यांनी माल दिला नाही तर?" हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही.

यात लबाडी नव्हती. अमेरिकेत दहापैकी सुमारे नऊ प्रिस्क्रिप्शने जेनेरिक औषधांची असतात, पण एकूण औषधखर्चात त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. आपल्या घराघरांतली रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे परवडतात ती यामुळेच. व्यापाराने आपले भले केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पहिला धक्का २००८ साली बसला. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनच्या चीनमधून आलेल्या कच्च्या मालात, चाचणीत हेपॅरिनसारखाच दिसणारा एक स्वस्त पदार्थ मिसळलेला निघाला. अमेरिकेत कित्येक रुग्ण दगावले. तो राजकीय डाव नव्हता, लोभ होता. पण पर्यायी पुरवठादार किती थोडे उरले आहेत, हे तेव्हा सर्वांना दिसले.

माल अडवण्याची भीतीही काल्पनिक नाही. २०१० साली सेनकाकू बेटांजवळ जहाजांची टक्कर झाली आणि चीनकडून जपानला जाणारी दुर्मिळ मृदाधातूंची निर्यात अडली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जकात वाढवल्यावर चीनने अशा सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि अमेरिका-युरोपातल्या मोटार कारखान्यांची धावपळ झाली.

आज्ञापत्रातला सल्ला

हा पेच नवा नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, लिहून ठेवले आहे. सावकार ही राज्याची शोभा, हे अमात्य मान्य करतात. पण टोपीकर इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या मागे राजसत्ता आहे, हेही बजावतात. त्यांचे सांगणे थोडक्यात असे: त्यांना येऊ-जाऊ द्यावे, व्यापार करू द्यावा, पण समुद्रकिनारी, खाडीच्या तोंडाशी कायमची जागा देऊ नये.

तीनशे वर्षांनंतरही याहून चांगला सल्ला मला सापडलेला नाही. चीनकडून खेळणी, कपडे, छत्र्या घ्याव्यात. तो बाजार झाला. प्रतिजैविकांचा कच्चा माल ही खाडीच्या तोंडाची जागा आहे, आणि ती आम्ही दोन-चार सेंटच्या बचतीसाठी देऊन बसलो.

मग व्यापार तोडावा का?

काही मित्र म्हणतात, "बंदच करा त्यांचा माल." त्यांना २०२३ ची आठवण द्यावीशी वाटते. कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध. अमेरिकेला त्याचा मोठा वाटा पुरवणाऱ्या अहमदाबादजवळच्या एका कारखान्यात तपासणीत गंभीर दोष सापडले आणि उत्पादन थांबले. रुग्णालयांवर औषध वाटून वापरण्याची पाळी आली. तेव्हा एफ.डी.ए.ने तात्पुरती परवानगी देऊन सिस्प्लॅटिन आणवले, ते चीनमधून! म्हणजे मित्रदेशातला एकच मोठा कारखाना हाही धोकाच, आणि प्रतिस्पर्ध्याशी चालू असलेला व्यापार कधी प्राणही वाचवतो. दोष परक्याकडून घेण्यात नाही, एकाच दारावर विसंबण्यात आहे.

जपानने २०१० नंतर चीनशी व्यापार तोडला नाही. साठे केले, धातूंचा पुनर्वापर वाढवला, ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा घातला. ऑस्ट्रियाच्या सरकारने २०२० साली कुंडल इथला पेनिसिलिनचा कारखाना टिकावा म्हणून पाच कोटी युरोंची मदत जाहीर केली. भारताने त्याच वर्षी मूळ औषधी द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याजवळ पेनिसिलिन जी पुन्हा तयार होऊ लागले. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे २६ अत्यावश्यक औषधांसाठी सहा महिने पुरेल एवढा कच्चा माल साठवण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला.

आज त्याच टेबलावर बसलो असतो तर भावाआधी तीन प्रश्न विचारले असते. ही वस्तू न मिळाल्यास कुणाचा जीव जाईल का? दुसरा विकणारा आहे का? नसल्यास तो उभा राहायला किती वर्षे लागतील, आणि तोवर पुरेल एवढा साठा आहे का? तिन्ही उत्तरे वाईट असतील तर दोन सेंट जास्त देणे म्हणजे विम्याचा हप्ता भरणे होय. तो हप्ता कंपनी एकटी भरणार नाही. कराच्या रूपाने किंवा औषधाच्या बिलातून तो तुम्हा-आम्हालाच भरावा लागेल. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

आपल्या हाती काय?

नेहमीची औषधे विमा देत असेल तर नव्वद दिवसांची घ्या आणि संपण्याच्या दोन आठवडे आधी पुन्हा मागवा. औषध मिळाले नाही तर डॉक्टरांना फोन करून दुसरे औषध किंवा दुसरा प्रकार चालेल का ते विचारा. फार्मासिस्ट यात फार मदत करतात. साध्या सर्दीसाठी प्रतिजैविकाचा आग्रह धरू नका, आणि भारतातून येताना ती बॅगेत भरून आणून साठवूही नका. एकाच्या साठेबाजीने दुसऱ्याच्या मुलाचे औषध जाते. आणि निवडणुकीत उमेदवार भेटले तर जकातीबरोबर औषधांच्या साठ्याविषयीही प्रश्न विचारा.

सूनबाई, हे माझे उत्तर. औषध मिळाले नाही, कारण आम्ही खरेदी करणाऱ्यांनी अनेक वर्षे फक्त भाव पाहिला. त्यात मीही होतो.