कपाट, खण आणि टीपॉय : आधुनिक गृहसामानाचा शब्दार्थविचार

वस्तूंच्या इतिहासात वस्तूंइतकीच त्यांची नावेही साक्ष देतात, हे भाषाभ्यासकास नव्याने सांगावयास नको. पिंपरी-चिंचवड परिसरातील कामगार-कुटुंबांच्या घरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे नवे फर्निचर आले, त्याच्या काही नावांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे फर्निचर दिसण्यात नवे असले, तरी त्याची मराठी नावे जुन्या घराच्या बांधणीतून आलेली आहेत, असे ह्या विवेचनाचे सूत्र आहे.

१. भिंतीतील साठवण. पुणे प्रांतीच्या जुन्या वाड्यांच्या भिंती चांगल्याच जाड असत. त्या जाडीतच कोनाडा, दिवळी आणि फडताळ ह्यांची सोय होई. हलवावयाच्या वस्तू म्हणजे पाट, चौरंग, पेटारा इतक्याच. साठवणीची जागा हा घराचाच एक अवयव होता. ती विकत आणावयाची वस्तू नव्हती.

२. पातळ भिंतीचे घर. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे टेल्को, बजाज ऑटो आदी कारखान्यांमुळे ह्या भागात कामगारांची दाट वस्ती झाली. नव्या घरांच्या विटांच्या भिंतींत, विशेषतः साडेचार इंची आडभिंतींत, फडताळ बसणे अशक्य होते. साहजिकच साठवणीला भिंतीबाहेर येऊन स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले.

ह्याच सुमारास आधुनिक फर्निचरची दृष्टी आपल्याकडे रुजत होती. नक्षीचा त्याग, उपयोगानुसार आकार आणि यंत्राने काढता येतील अशी ठरावीक मापे, ही त्या दृष्टीची लक्षणे होत. जर्मनीत १९१९ साली स्थापन झालेल्या बाउहाउस विद्यालयाने त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. मुंबईत गोदरेजने पोलादी कपाटांचे उत्पादन १९२३ साली सुरू केले होते. पत्रा वाकवून केलेले, सपाट अंगाचे, सुमारे साडेसहा फूट उंचीचे ते कपाट कोणत्याही कलापंथाचे नाव न घेता ही सारी लक्षणे अंगी बाळगून होते. लाकडी सामानातही कोरीव पायांऐवजी खाली निमुळते होत जाणारे पाय आणि घडीव दारांऐवजी प्लायवुडची सपाट दारे आली.

३. नावांची साक्ष. ‘कपाट’ ह्या संस्कृत शब्दाचा अर्थ दाराची फळी. त्याच शब्दापासून प्राकृताच्या द्वारे मराठीत आलेला ‘कवाड’ हा तद्भव शब्द दार ह्या अर्थीच राहिला. तत्सम ‘कपाट’ मात्र साठवणीच्या वस्तूचे नाव झाला. प्रथम दार, मग दार लावलेली भिंतीतील जागा, आणि अखेर दारासकट स्वतंत्र उभी राहिलेली वस्तू, असा हा अर्थविस्तार झाला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. हिंदीने ह्या वस्तूसाठी पोर्तुगीजातून आलेला ‘अलमारी’ हा शब्द घेतला. मराठीतही ‘आलमारी’ आहे. पण बोलण्यात टिकले ते कपाटच.

‘खण’ ह्या शब्दाची वाटचाल अशीच आहे. घराच्या दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. घर किती खणी, ह्यावरून त्याचा विस्तार कळे. तोच शब्द टेबलाच्या व कपाटाच्या कप्प्यास लागला. जणू कपाट हे घरातले लहान घरच!

‘टीपॉय’ची कथा निराळी आहे. ‘तिपाई’, म्हणजे तीन पायांची, हा शब्द इंग्रजांनी येथून उचलला आणि चहाच्या इंग्रजी नावाशी उगाच नाते जोडून त्याचे ध्वनिरूप बदलले. तेच रूप आपण परत घेतले. मराठीची स्वतःची ‘तिवई’ घरात असताना हा पाहुणा बैठकीच्या खोलीत आला, तोही बहुधा चार पायांचा! शिवाय, कोणत्याही कारखान्याच्या लोखंडी कपाटास ‘गोदरेज’ आणि कोणत्याही चकचकीत पृष्ठपत्र्यास ‘सनमायका’ म्हणण्याची रूढी पडली. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची ही उदाहरणे वर्गात सांगण्याजोगी आहेत.

४. नोंदीची निकड. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानरे ह्यांच्या देखरेखीखाली घडलेल्या सागवानी खुर्च्या एकेकाळी भंगारात निघाल्या. त्याच पुढे परदेशी लिलावांत भारी किमतीस विकल्या गेल्या. त्यांना निदान रचनाकाराचे नाव होते. पिंपरीतील सुताराने मालकाच्या खोलीचे माप घेऊन केलेल्या कपाटावर कोणाचेच नाव नाही. जुनी घरे पाडून नवी बांधली जात असताना असे सामान भंगारात जाते. कुदळवाडी-चिखली भागातील भंगाराची असंख्य गोदामेही २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली. आता चाकणकडील नव्या सदनिकांत भिंतीत बसविलेले ‘वॉर्डरोब’ दिसतात. साठवण पुन्हा भिंतीत गेली आहे. पण ‘फडताळ’ हा शब्द काही तिच्याबरोबर परतला नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. घरातील जुने कपाट निघण्यापूर्वी त्याचे माप, लाकूड आणि सांध्यांची पद्धत टिपून ठेवावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांस व सुतारास प्रत्येक भागाचे नाव विचारावे. वस्तू कदाचित एखादा संग्राहक जपून ठेवील. तिची मराठी नावे मात्र आपणच टिपली पाहिजेत.