अंगणातली शेगडी – लेखांक नववा : निखाऱ्यांवरचा दिवा

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या दोन डोंगरी तालुक्यांत, आसनगावाहून कसाऱ्याकडे आणि मुरबाडाहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या आसपास, भाताच्या खाचरांना लागून जी सुटीची घरे गेल्या काही वर्षांत उभी राहिली, आणि ज्यांना मालक हौसेने व गावकरी किंचित खवचटपणे ‘फार्महाऊस’ म्हणतात, त्यांच्या अंगणांत शनिवारची सांज सरली की शेगडी पेटते, मसाला लावलेल्या कोंबडीच्या तंगड्या जाळीवर चढतात, आणि त्या निम्म्या भाजून झाल्यावर यजमानाच्या ध्यानात येते की आपल्याला काहीच दिसत नाही. मग एखादा पाहुणा मोबाइलची बत्ती लावून शेगडीवर ओणवा होतो, धुराने चुरचुरणारे डोळे चोळतो आणि ‘‘झालंय वाटतं’’ असा निकाल देतो. ज्या निकालावर पाचपंचवीस माणसांच्या पोटाची भिस्त, तो इतक्या तकलादू पुराव्यावर दिला जाऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेखांक लिहीत आहे. शेगडीची उंची, जाळीची वीण आणि निखाऱ्यांची मांडणी यांचा परामर्श मागे घेऊन झाला. आता दिव्याची पाळी. बाजारात कोणता दिवा मिळतो हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. दिवा कोठे टांगावयाचा हा अव्वल, आणि त्याच्या उजेडाचा रंग कोणता हा त्याच्या लगतचा.

रात्री उघड्यावर भाजून खाण्याची चाल या मुलखात काही शहरी पाहुण्यांनी आणलेली नाही. मृगाच्या सरी कोसळून ओढे वाहते झाले की ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांतली आणि कुणब्यांच्या गावांतली तरुण मंडळी अंधार पडताच खेकड्यांच्या आणि वलगणीच्या माशांच्या मागावर निघतात. पूर्वी हाती टेंभा किंवा गॅसबत्ती असे, आता कपाळाला पट्ट्याने बांधायची बॅटरी असते. आणि हाती लागलेल्यांपैकी चार खेकडे घर येण्यापूर्वीच निखाऱ्यांवर पडतात. ते भाजताना दिव्याची फिकीर कोणी करीत नाही, आणि त्याचे कारण खेकड्याच्या पाठीत आहे. कवचातले तांबडे रंगद्रव्य जिवंतपणी एका प्रथिनाशी जखडलेले असल्यामुळे मळकट, काळपट दिसते. आच लागून ते प्रथिन विस्कटले की रंगद्रव्य मोकळे होते आणि कवच नारिंगी-तांबडे पडते. हा पालट इतका ढळढळीत की ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या मंद ज्योतीतही तो नजरेतून सुटू नये. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातली पोपटी अलीकडे हिवाळ्यात इकडच्या अंगणांतही लागू लागली आहे. तिचे तर तोंडच भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद केलेले, तेव्हा उपड्या मडक्यात वालाच्या शेंगांचे काय चालले आहे हे भर दुपारीही दिसावयाचे नाही. तिथे मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात आणि ‘चर्र’ झाले की जाळ ओढतात. कान आणि नाक यांच्यावर जिथे काम भागते तिथे दिवा केवळ सोबतीला. अडचण उद्भवली ती उघड्या जाळीवरच्या कोंबडीमुळे, कारण तिचा कच्चेपणा आवाज करीत नाही.

कोंबडीच्या स्नायूंत मायोग्लोबिन नावाचे द्रव्य असते, आणि ते छातीपेक्षा तंगडीत अधिक. कच्चेपणी त्याच्यामुळे मांस गुलाबी-तांबूस दिसते; उष्णता साठाच्या अंशापलीकडे चढू लागली की त्याची घडण मोडू लागते आणि मांस पांढुरके, करडे होत जाते. म्हणून अनुभवी भाजणारा वरच्या खरपूस कातडीकडे न पाहता तंगडीच्या सांध्याशी सुरीचे टोक हाडापर्यंत घालतो, मांस किंचित फाकवतो आणि आत पाहतो. फटीच्या तळाशी, हाडाला चिकटून, गुलाबी रेघ आहे की नाही. बाहेर आलेला रस स्वच्छ आहे की तांबूस. एवढ्या दोन गोष्टी त्याला हव्या असतात. आता ही फट अर्ध्या बोटाची, भोवती तिखट-हळदीचा लेप, आणि खालून निखाऱ्यांची तांबडी झळाळी, जिच्यात पांढरी वस्तूही गुलाबी वाटावी. अशा स्थितीत गुलाबी आणि पांढुरके यांतला भेद करणे म्हणजे वरून पडणाऱ्या दिव्याच्या इमानदारीची कसोटी होय. शिवाय मांसाचा रंग हा साक्षीदार कधीकधी फितूरही असतो: कोवळ्या वयात कापलेल्या ब्रॉयलरची हाडे सच्छिद्र असल्याने मज्जेतला रंग झिरपून पूर्ण शिजलेले मांसही हाडाशी तांबूस राहते, आणि कोळशाच्या धुरातील वायू मायोग्लोबिनशी संयोग पावून पृष्ठभागाखाली एक टिकाऊ गुलाबी कडा निर्माण करतात. सबब अखेरचा दाखला उष्णतामापकाचाच मानावा, आणि तो ७४ अंश सेल्सिअस दाखवीपर्यंत कोंबडी उतरवू नये. पण मापकाची सुई हाडाला न लावता मांसाच्या जाड भागात नेमकी टोचावयाची, तर त्यालाही उजेड हवाच.

दिव्याच्या इमानदारीला मोजमाप आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरवून दिलेल्या रंगांच्या नमुन्यांवर दिव्याचा उजेड पाडून, ते नमुने मूळ रंगापासून किती ढळतात यावरून दिव्याला शंभरापैकी जो अंक दिला जातो, तो खोक्यावर ‘सीआरआय’ या नावाने छापलेला असतो. तारेचा जुना पिवळा बल्ब जवळजवळ शंभर. साधा एलईडी बल्ब ऐंशीच्या आसपास. आणि महामार्गावर अजून कोठे कोठे तग धरून असलेला सोडियमचा नारिंगी दिवा वीस-पंचवीस, म्हणजे त्याच्याखाली कच्चे आणि शिजलेले सारखेच करडे. परंतु ऐंशीवर निर्धास्त होण्यात धोका आहे, आणि हा मजकूर खोक्यावर सहसा नसतो. मुख्य अंक ज्या आठ नमुन्यांच्या सरासरीने काढतात ते सारे फिके, सौम्य रंग आहेत; गडद तांबडा हा नववा नमुना त्या सरासरीत धरलेलाच नाही. परिणामी ऐंशी गुणांनी उत्तीर्ण झालेला दिवा तांबड्याच्या विषयात शून्याच्या जवळपास असू शकतो, आणि आपल्याला तर नेमका त्याच विषयाशी कर्तव्य आहे. तेव्हा शेगडीसाठी नव्वदीपुढचाच दिवा मागावा. तालुक्याच्या दुकानात तो न मिळाल्यास कल्याणास मिळेल. थोडे अधिक पैसे पडतील, ते पडू द्यावेत.

आता जागेचा विचार, आणि इथे घाई करून चालणार नाही. बहुतेक अंगणांत दिवा घराच्या भिंतीवर असतो आणि शेगडी, धूर घरात जाऊ नये म्हणून, दूर मोकळ्यावर. भाजणारा अर्थातच घराकडे पाठ करून उभा राहतो, आणि दिव्याने अंगणभर केलेल्या उजेडातला एकमेव अंधार, म्हणजे त्याची स्वतःची सावली, नेमका जाळीवर पडतो. यावर उपाय म्हणून लोक भिंतीवरचा दिवा आणखी मोठा करतात, त्यामुळे सावली आणखी काळी होते. कपाळावरची बॅटरी ही सावलीची अडचण दूर करते, पण तिचा निराळा उपद्रव आहे. पावसाळ्यात माळशेज घाटात धुके दाटले असता मोटारीचा वरचा झोत लावणाऱ्याला समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही, कारण नजर आणि झोत एकाच रेषेत असले की धुक्याचे कण झोताचा उजेड थेट नजरेकडे परतवतात. निखाऱ्यावर चरबी ठिबकून उठलेला धूर कपाळावरच्या बॅटरीशी हुबेहूब तसाच वागतो. म्हणून उजेड बगलेने यावा. उजव्या हाताने चिमटा धरणाऱ्याच्या डाव्या बाजूस, जाळीपासून दोन-अडीच हात उंचीवर आणि हातभर बाजूला सरकवून, तोंड जाळीकडे झुकलेले आणि भाजणाऱ्याच्या डोळ्यांत न येणारे, असा दिवा असावा. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, हा निसर्गाचा हिशेब आपल्या बाजूचा आहे. भिंतीवरच्या अवजड झोतापेक्षा हाताशी आलेला ८-९ वॉटचा झाकणीचा बल्ब अधिक दाखवतो. त्यासाठी बांबूचा एक खांब रोवावा, वर आडवी फळी ठोकावी. गावात कोणीही ते काम तासाभरात करून देईल. खांब वाऱ्याच्या वरच्या अंगास हवा. हिवाळ्याच्या रात्री घाटाकडून गार वारा खाली उतरतो, तेव्हा पूर्वेची बाजू बहुधा सोयीची. खालच्या अंगास रोवलेल्या खांबावरच्या दिव्याची काच चरबीच्या धुराने एका रात्रीत पिवळी पडते. जाळीच्या नेमके डोक्यावर मात्र दिवा टांगू नये. एलईडीच्या पोटातली विद्युत्-रचना उष्णतेला भिते, आणि ‘पाच वर्षे चालेल’ अशी हमी छापलेला बल्ब शेगडीच्या झळीवर पाच महिनेही टिकेल याची खातरजमा कोणी देणार नाही.

उजेडाचा रंग हा विषय मांसापेक्षा पाखरांमुळे अधिक बिकट होतो. भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत, म्हणजे साधारण भाद्रपद-आश्विनात, या दोन्ही तालुक्यांच्या खाचरांतून हिरवे तुडतुडे दिव्यावर इतक्या संख्येने येतात की कृषिखाते त्यांच्या टेहळणीसाठी प्रकाशसापळेच लावावयास सांगते. आणि पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी येते ती वेगळीच, जिचे गळून पडलेले पंख मी दह्याच्या मुरवणीत तरंगताना पाहिले आहेत. किडे दिव्यावर का येतात याचे एक नवे उत्तर २०२४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले: वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांवरून असे दिसले की उडता किडा उजेडाकडे पाठ करून आपला तोल सांभाळतो, आभाळ नेहमी उजळ असावयाचे या भरवशावर, दिवा जवळ आला की तो त्यालाच आभाळ समजून पाठ वळवीत राहतो आणि घिरट्यांत अडकतो. हे खरे धरले तर वर तोंड केलेला उघडा दिवा हा सर्वांत वाईट, आणि झाकणी लावून खाली वळवलेला त्यातल्या त्यात सुसह्य. रंगाच्या बाबतीत किड्यांचा ओढा अतिनील आणि निळ्या किरणांकडे असतो, म्हणून थंड पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या दिव्यावर झुंबड उडते. किडे टाळण्याकरिता विकले जाणारे गर्द पिवळे बल्ब निळा अंश गाळून टाकतात खरे, पण त्यांच्याखाली मांसाचा रंगही गळून जातो. ते पाहुण्यांच्या बैठकीला लावावेत, शेगडीला नव्हे. शेगडीला २७०० केल्विनचा, उबदार पण रंगाला सच्चा असा दिवा ही तडजोड मला मान्य आहे. आणि एक गावठी तजवीज: कुंपणाच्या टोकाला, जेवणापासून वीस-पंचवीस पावलांवर, भगभगीत पांढरा दिवा किड्यांच्या वाट्याला सोडावा. सगळे किडे तिकडे जात नाहीत, पण बरेचसे जातात.

तो दूरचा दिवा लावला तरी मधली जमीन काळोखी राहते, आणि ती हेटाळण्याजोगी नाही. फुरसे आणि मण्यार ही दोन्ही या बाजूला आहेत, मण्यार तर निव्वळ रात्रिंचर. पेंढ्याच्या उडवीकडे, लाकडांच्या ढिगाकडे किंवा विहिरीकडे जाणाऱ्याच्या हाती स्वतंत्र बॅटरी असावी आणि तिचा झोत पायांपुढे असावा. शेगडीचा दिवा उचलून त्या कामी नेऊ नये, कारण तो परत येईस्तोवर तंगड्यांचे एक अंग जळून गेलेले असते.

वीज जाणे हा इकडचा नित्याचा दस्तूर असल्यामुळे चार्जिंगचा दिवा जवळ असणे शहाणपणाचे. त्यातली लिथियमची बॅटरी शेगडीच्या धगीपासून दूर ठेवावी, आणि तापलेल्या अवस्थेत चार्जिंगला लावू नये; चार्जिंगसाठी ४५ अंश ही बहुधा तिची कमाल मर्यादा असते, आणि वैशाखात पत्र्याच्या पडवीखाली तेवढी उष्णता शेगडीवाचूनही होते. पावसाळ्यात वापरावयाचा असेल तर ‘आयपी ६५’ असा शिक्का पाहावा: पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि पाच म्हणजे फवाऱ्यापर्यंत निभाव. काच दर खेपेला, गार झाल्यावर, राखेच्या पाण्याने पुसावी. राखेतला क्षार चरबी सोडवतो, आणि राख तर शेगडीत आयती असते. ती कोणत्या लाकडाची चांगली आणि कोणत्या कोळशाची निरुपयोगी, हे पुढील लेखांकात कोळशाच्या प्रकरणी पाहू.