किशोरवयातील ख्रिस्ती धर्मस्वीकार आणि ‘समज’ येण्याच्या वयाचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मांतराची चर्चा प्रामुख्याने प्रौढ व्यक्तींच्या संदर्भात होत आली आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेणारे रेव्हरंड ना. वा. टिळक ३३ वर्षांचे होते. तथापि, त्यापूर्वी अर्धशतक हा प्रश्न मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तो शाळकरी मुलांच्या निमित्ताने. आपला धर्म निवडण्याइतकी समज मनुष्यास कोणत्या वयात येते, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

न्यायालयासमोरील दोन प्रकरणे

डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत शिकणाऱ्या धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याने मे १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा जन्म १८२२ चा, म्हणजे वय सोळा-सतरा वर्षांचे. त्याच सुमारास होरमसजी पेस्तनजी हा त्याचा सहाध्यायीही ख्रिस्ती झाला. पारशी समाजात प्रचंड खळबळ उडाली आणि अनेक पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतले. नातेवाइकांनी धनजीभाईचा ताबा मिळावा म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले. मात्र त्याने कोठे राहावे हे त्याच्याच इच्छेवर सोडण्यात आले. पुढे धनजीभाई धर्मोपदेशक झाले.

१८४३ मधील प्रकरणाचा निकाल वेगळा लागला. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहावयास गेला. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता व त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडिलांच्या अर्जावरून न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाचा ताबा वडिलांना दिला.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न येथे मिटला. श्रीपतच्या दृष्टीने तो येथूनच सुरू झाला. मिशनऱ्यांच्या घरी अन्नग्रहण केल्यामुळे तो जातीबाहेर गेला होता. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घेण्याचा पुरस्कार केला. सनातनी वर्गाने त्यास कडाडून विरोध केला आणि खुद्द बाळशास्त्रींना बहिष्काराला सामोरे जावे लागले. ख्रिस्ती म्हणून राहण्याइतके त्याचे वय झालेले नाही, असे न्यायालयाने मानले. तर भ्रष्ट ठरविण्याइतके ते पुरेसे आहे, असे जातीने मानले. एकाच बालकाला एकीकडे अजाण व दुसरीकडे पूर्णतः जबाबदार ठरविणारी ही विसंगती लक्षणीय आहे.

बाबा पदमनजी : एक दीर्घ प्रक्रिया

कोल्हापूरच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण बेळगावचे आहे. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कार्यास आरंभ केला. शेजारच्या बेळगावात मात्र लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य १८२० पासूनच चालू होते. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी तेथील मिशनच्या शाळेत शिकले. कासार ज्ञातीतील या घरात भक्तिभाव रुजलेला होता. मूर्तिपूजा व जातिभेद यांविषयीच्या शंका त्यांच्या मनात विद्यार्थिदशेतच निर्माण झाल्या. पुढे मुंबईत शिकत असताना जातिभेद न मानणाऱ्या परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध आला. अखेर १८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विधवांच्या स्थितीवरील ‘यमुनापर्यटन’ ही त्यांची कादंबरी १८५७ मधील आहे; ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या धर्मांतराची हकिकत सांगितली आहे.

पदमनजींच्या जीवनातून असे दिसते की, बाप्तिस्म्याला तारीख असते; श्रद्धेला ती क्वचितच असते. किशोरवयात उगवलेल्या शंकेचे निश्चयात रूपांतर होण्यास दीर्घ काळ लागला. वाचन, मित्र, शिक्षक, आप्तांचा धाक आणि समाजसुधारणेची ओढ या साऱ्यांचा त्यात वाटा होता.

मानसशास्त्रीय व कायदेविषयक संदर्भ

एडविन स्टारबक यांनी १८९९ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतील प्रॉटेस्टंट व्यक्तींच्या अनुभवांवरून धर्मपरिवर्तन हा मुख्यतः किशोरवयीन अनुभव असल्याचे मांडले. पुढे एरिक एरिक्सन यांनी ‘मी कोण?’ हा प्रश्न या वयाच्या केंद्रस्थानी मानला. या दृष्टीने किशोराची श्रद्धा ही केवळ फूस किंवा केवळ बंड ठरत नाही. ती स्वत्वशोधाचा भाग असते. अर्थात याच कारणामुळे हे वय बाह्य प्रभावास अधिक संवेदनशीलही असते.

१८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय सर्वसाधारणपणे १८ ठरविले. तरीही १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार, विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके पाल्य मोठे असेल, तर न्यायालयास ती विचारात घेता येते. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. अनुच्छेद २८ नुसार शासनमान्य वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वयाची मर्यादा कायद्याला आवश्यक असली, तरी तिच्यामुळे किशोराच्या अंतःकरणातील प्रश्न थांबत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात येणारा विद्यार्थी साधारणतः धनजीभाईच्या वयाचा असतो. तो श्रद्धेकडे वळत असो वा श्रद्धेपासून दूर जात असो, अध्यापकाने त्याला आपल्या मताकडे ओढणे जितके अनुचित, तितकेच त्याच्या प्रश्नाची हेटाळणी करणेही अनुचित होय. पदमनजींना विचार करण्यास अवधी मिळाला. श्रीपतला तो कोणत्याच बाजूने मिळाला नाही. हा अवधी सुरक्षित ठेवणे, हे या संदर्भात शिक्षणसंस्थेचे खरे कर्तव्य ठरते.