साखर, तांबडी पेशी आणि अरुंद गल्ली

मधुमेह म्हटलं की आपण आकडा विचारतो. फास्टिंग किती, जेवणानंतर किती. पण ती साखर ज्या रक्तातून फिरते, त्या रक्ताचं काय होतं? आज त्याबद्दल बोलू.

तांबडी पेशी म्हणजे मधे खोलगट असलेली चकती. व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर. आणि आपल्या बारीक केशवाहिन्या? कित्येक ठिकाणी ५ मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणजे गल्लीपेक्षा गाडी रुंद! मग ती जाते कशी? दुमडून, लांबट होऊन. तिच्यात केंद्रक नसतं आणि आवरण लवचीक असतं. अर्धवट भरलेली पिशवी जशी हवी तशी दाबता येते, तसंच. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती हे अखंड करत राहते.

आता साखरेकडे येऊ. स्नायूच्या पेशीत साखर शिरायला बऱ्याच अंशी इन्शुलिनची मदत लागते. तांबड्या पेशीला ती लागत नाही. बाहेर साखर वाढली की आतही वाढते आणि हळूहळू हिमोग्लोबिनला चिकटते. केंद्रक नसल्यामुळे पेशी नवीन प्रथिनं बनवू शकत नाही, त्यामुळे चिकटलेलं तसंच राहतं. इराणी शास्त्रज्ञ सॅम्युएल रहबर यांना १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये मधुमेहींच्या रक्तात हे बदललेलं हिमोग्लोबिन दिसलं. तुमच्या रिपोर्टवरची एचबीएवनसी ती हीच. मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर ती सांगते.

पण साखर काही फक्त हिमोग्लोबिनलाच चिकटत नाही. आवरणाच्या प्रथिनांनाही चिकटते, आणि पेशी थोडी ताठ होते. हे मोजतात कसं? एक पद्धत सोपी आहे. ५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून पेशी जायला किती वेळ लागतो ते बघायचं. दुसरीत पेशींना प्रवाहात ताणून त्यांच्यावर लेझर टाकतात आणि त्या किती लांबट होतात ते पाहतात. १९७०च्या दशकापासून अशा अनेक प्रयोगांत मधुमेहींच्या पेशी कमी वाकताना दिसल्या. शिवाय मधुमेहात रक्तातलं फायब्रिनोजेन अनेकदा वाढलेलं असतं. त्यामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि संथ प्रवाहात रक्त दाट वागतं. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड ही तर बारीक गल्ल्यांचीच वस्ती.

मात्र सगळा दोष पेशीच्या माथी मारू नका. मधुमेहात रक्तवाहिनीची भिंतही बिघडते. ताठ पेशी हे इजेचं कारण किती आणि परिणाम किती, यावर संशोधकांचा वाद चालू आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. एचबीएवनसी पेशीच्या आयुष्यावर अवलंबून असते. पेशी लवकर मरत असतील, तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल आढळतो, तिथे हे विशेष लक्षात ठेवा. उलट लोहाच्या कमतरतेने आकडा थोडा जास्त येऊ शकतो, आणि आपल्या किती बायकांना ॲनिमिया असतो! सिकलसेल असेल, ॲनिमिया असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. ते ग्लुकोमीटरचे आकडे किंवा फ्रुक्टोसामाइनसारखी दुसरी तपासणी बघतील.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का?)

चांगलं विचारलंत. ॲस्पिरिन हे काम करते प्लेटलेट्सवर, तांबड्या पेशीला ती मऊ करत नाही. आपल्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. तांबड्या पेशींसाठी उपाय जुनाच आहे : साखर आटोक्यात ठेवणं. आणि इथे शरीर आपल्या बाजूने आहे. अस्थिमज्जेत रोज नव्या पेशी तयार होतात, चारेक महिन्यांत जवळजवळ सगळ्या जुन्या बदलून जातात. आजपासून साखर सांभाळली, तर येणाऱ्या पेशींना ती कमी चिकटेल. पुढचा प्रश्न घेऊ.