जहाजाच्या तळाचा कठीण लेप

धामणगांवच्या शेतकऱ्यास समुद्र दूरचा वाटतो. तथापि आपण शेतांत घालतों तें पोटॅश खत परदेशांतून जहाजानेंच येतें, व जहाजाचें भाडें शेवटीं मालावर पडतें. जहाजाचा तळ खडबडीत झाला कीं पाणी अधिक अडतें व इंधन अधिक जळतें. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

समुद्रांत बुडालेल्या वस्तूवर प्रथम सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. मग शेवाळ, आणि खेकड्याच्या वर्गांतील बार्नॅकल नांवाचे कवचधारी प्राणी तिला चिकटतात. त्यांचा चीक इतका घट्ट असतो कीं, प्राणी मेला तरी कवच सुटत नाहीं.

यावर उपाय म्हणून इंग्रजी आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. पुढें पत्रे झिजूं नयेत म्हणून हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञानें १८२४ सालीं त्यांस लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. झीज थांबली; पण शेवाळ व कवचें पुन्हा चिकटूं लागलीं! म्हणजे रक्षण करीत होतें तें विरघळणारें तांबें. संत्र्याच्या खोडास आपण मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावतों, तींतही तांबेंच बुरशीस रोखतें. आणि ती धुऊन गेली कीं पुन्हा लावावी लागते.

विसाव्या शतकांत कथिलाचें एक जालीम संयुग रंगांत घालूं लागले. त्यानें जहाजें स्वच्छ राहिलीं. परंतु फ्रान्समधील आर्काशों उपसागरांतील कालवांचीं कवचें विकृत झालीं व त्यांची पैदास खालावली. फ्रान्सनें १९८२ सालीं लहान नौकांवर त्यास बंदी केली, व २००८ सालीं तें वर्ज्य करणारा आंतरराष्ट्रीय करार अंमलांत आला.

आतां दुसराही मार्ग आहे. इपॉक्सीसारख्या राळेंत कांचेचे सूक्ष्म पापुद्रे मिसळून कठीण लेप देतात. त्यांत विष नसतें. म्हणून जीव त्यावर बसतात खरे, पण वारंवार घासला तरी तो फारसा झिजत नाहीं. विषारी रंग घासला तर विष बंदराच्या पाण्यांत उतरतें. येथें तें भय नाहीं. मात्र थर बुळबुळीत आहे तोंच ब्रश फिरविला पाहिजे. कवचें धरल्यावर श्रम फार पडतात.

तण कोवळें असतांना डवरा फिरविणाऱ्या शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. विषानें श्रम वांचतात, पण तें जेथें टाकलें तेथेंच राहत नाहीं. कठीण लेप श्रम मागतो, पण ते वेळेवर केल्यास दुसऱ्याचें पाणी नासत नाहीं.