दोनशे दहा बोगदे आणि दहा माणसांचं बिल

दिल्लीतल्या मुनिरका गावाच्या एखाद्या गल्लीत उभं राहून वर पाहा. दोन्ही बाजूंच्या इमारती इतक्या जवळ आल्यात की आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, आणि त्या पट्टीतही इंटरनेटच्या काळ्या वायरींचा गुंता. जेएनयू अगदी शेजारी, आयआयटीही जवळच. त्यामुळे इथल्या भाड्याच्या खोल्यांत विद्यार्थी राहतात, संशोधक राहतात, आणि नुकतीच कंपनी काढलेली पोरंही.

अशीच दहा जणांची एक कंपनी मनात आणा. दोघी मुनिरक्यात, समोरासमोरच्या इमारतींत. बाकीचे पुण्यात, रत्नागिरीत, नोएडात. ऑफिस नाहीच. सर्व्हर मुंबईत, आणि त्याच्यापाशी जुन्या पद्धतीचा व्हीपीएन, म्हणजे सगळ्यांची ये-जा त्या एकाच दारातून. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला समोरच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवरची फाइल हवी आहे. दोघींच्या खिडक्यांत आठ फुटांचं अंतर. फाइल कुठून येते? मुंबईहून! साडेअकराशे किलोमीटर खाली जायचं आणि तेवढंच वर यायचं, गल्ली ओलांडायला.

मेश व्हीपीएन हा वळसाच काढून टाकतो. इथं प्रत्येक यंत्र प्रत्येक यंत्राशी थेट बोलतं, आणि प्रत्येक जोडीमध्ये कुलूपबंद बोगदा असतो. दहा जणांचे लॅपटॉप आणि फोन मिळून 20 यंत्रं झाली, तर जोड्या किती? 190. त्यात सर्व्हर घातला की 210. यंत्रं 100 असतील तर 4,950!

आता खरी गंमत पाहा. टेलस्केल ही या क्षेत्रातली नावाजलेली कॅनडियन कंपनी. 2023 मध्ये तिनं जाहीर केलेल्या दरांत 3 माणसं आणि 100 यंत्रांपर्यंत शून्य डॉलर होते. म्हणजे जवळजवळ पाच हजार बोगदे फुकट. त्यापुढे पैसे लागायचे ते माणशी. बोगदे मोजत नाहीत, त्यातून किती जीबी गेले तेही मोजत नाहीत. असा धंदा परवडतो तरी कसा?

उत्तरासाठी त्या वायरींच्या गुंत्यात शिरावं लागेल. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते एकूण सुमारे 429 कोटी. जगाचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 रोजी संपला. पत्ते पुरेनात म्हणून कंपन्यांनी शक्कल लढवली: शेकडो ग्राहकांना मिळून बाहेरचा पत्ता एकच. तुमच्या खोलीतल्या राउटरच्या मागे तुम्ही, आणि राउटर ऑपरेटरच्या आणखी मोठ्या राउटरमागे. या व्यवस्थेला नॅट म्हणतात.

नॅट म्हणजे इमारतीच्या दारावरचा कडक वॉचमन. आतल्यानं बाहेर कोणाला चिठ्ठी पाठवली असेल, तर त्याच माणसाचं उत्तर तो आत सोडतो. अनोळखी पाहुणा आला की हाकलून देतो. आता गल्लीच्या दोन्ही बाजूंना असेच दोन वॉचमन असतील, तर दोघी मैत्रिणींनी एकमेकींशी बोलायचं कसं? पहिली चिठ्ठी कोणीही पाठवली तरी समोरचा वॉचमन ती फेकूनच देणार ना?

देणारच. आणि तोडगा नेमका तिथंच आहे. दोघींनी एकाच वेळी चिठ्ठी पाठवायची! हिची चिठ्ठी समोर फेकली गेली तरी हिच्या वॉचमननं वहीत लिहून ठेवलं, की आपल्याकडून तिकडे काहीतरी गेलंय. तिच्या वॉचमननंही तेच केलं. पुढच्या चिठ्ठ्या दोघांना ‘उत्तर’ वाटतात, आणि दोन्ही दारं उघडतात. कोणी कुलूप तोडलं नाही, कोणाला लाच दिली नाही, ऑपरेटरची परवानगी घेतली नाही. फक्त वेळ साधली.

काही वॉचमन त्याहून हट्टी. ते प्रत्येक नव्या संभाषणाला 65,536 पोर्टांपैकी, म्हणजे क्रमांकाच्या दारांपैकी, वेगळाच पोर्ट देतात, आणि कोणता ते सांगत नाहीत. आता? इथं गणित मदतीला धावतं. 23 माणसं जमली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, हे कोडं तुम्ही ऐकलं असेल. तीच युक्ती इथं चालते. हट्टी बाजूनं 256 पोर्ट उघडून ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूनं अंदाजानं टकटक करत सुटायचं. 174 टकटकींत यशाची शक्यता जवळजवळ निम्मी, 1,024 टकटकींत 98 टक्के. सेकंदाला शंभर केल्या तरी दहा सेकंदांत काम फत्ते!

दोन्ही वॉचमन हट्टी निघाले तर मात्र कंपनीच्या रिले सर्व्हरमधून जावं लागतं. पण तोही आतलं वाचू शकत नाही. बोगद्याचं कुलूप म्हणजे वायरगार्ड, जेसन डोननफेल्ड यांची निर्मिती. मूळ लिनक्स आवृत्तीत त्याच्या जेमतेम चार हजार ओळी. ते लिनक्सच्या गाभ्यात अधिकृतपणे आलं 5.6 या आवृत्तीबरोबर, 29 मार्च 2020 रोजी. भारतात लॉकडाउन लागून अवघे चार दिवस झाले होते आणि लाखो माणसं घरून ऑफिस गाठायला धडपडत होती. योगायोग, पण काय वेळेवरचा!

प्रत्येक यंत्राची एक सार्वजनिक किल्ली असते, लिहून काढली तर 44 अक्षरांची. खासगी किल्ली यंत्राबाहेर जातच नाही. मग मधली कंपनी करते काय? कोणती किल्ली कोणाची, सध्या ते यंत्र कुठं सापडेल, आणि कोणाला कोणाशी बोलायची मुभा आहे, एवढंच सांगते. ओळख करून देते आणि बाजूला होते. माल सहसा तिच्या गोदामातून जातच नाही, म्हणून ती जीबी मोजत नाही. ओळख माणसांची, म्हणून बिलही माणशी.

हे कळलं की खर्चाचा हिशेब सोपा होतो. 2023 च्या त्याच दरपत्रकात साधा प्लॅन माणशी महिना 6 डॉलर आणि वरचा 18 डॉलर होता. डॉलर 90 रुपये धरू. दहा जणांचे साध्या प्लॅनचे महिन्याला 5,400 रुपये, वरच्याचे 16,200. वर्षाचा फरक 1,29,600 रुपये! म्हणून वरच्या प्लॅनमधली परवानग्यांची आणि देखरेखीची जास्तीची साधनं खरंच लागणार आहेत का, हे आधी विचारा.

त्यावर परदेशी सेवेचा 18 टक्के जीएसटी. नोंदणी असलेल्या कंपनीनं तो रिव्हर्स चार्जनं स्वतः भरायचा आणि पात्र असेल तर क्रेडिट घ्यायचं. कार्डावर परकीय चलनाचा अधिभार वेगळा. आणखी एक बारीक मेख: जून 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ओटीपीशिवाय आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची मर्यादा साधारणपणे 15,000 रुपये केली. 16,200 चं बिल तिच्या वर जातं. ओटीपी द्यायचा राहिला तर हप्ता राहिला.

‘त्यापेक्षा आपणच चालवू की!’ जरूर. हेडस्केल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर ओळख करून देण्याचं तेच काम करतं, आणि फुकट आहे. त्याला भाड्याचा छोटा सर्व्हर लागेल, महिना 500 रुपये धरा. शिवाय ते सांभाळणारं माणूस. त्याचे महिन्याला सहा तास गेले आणि तासाचे 800 रुपये धरले, तर 4,800. एकूण 5,300. विकतच्या साध्या प्लॅनपेक्षा शंभर रुपये कमी, आणि रात्री दोन वाजता बंद पडलं तर फोन तुमच्याच माणसाला.

तेव्हा टीमसाठी मेश व्हीपीएन घेताना यंत्रं मोजू नका, डेटा मोजू नका. माणसं मोजा, आणि सांभाळणाऱ्याचे तास मोजा. टीम मोफत मर्यादेत बसत असेल तर पैसे देऊच नका. दहा-पंधरा जण असाल तर साधा प्लॅन पुरे. टीम मोठी असेल आणि हाताशी जाणकार असेल, तर हेडस्केलचा विचार करा, कारण माणसं दुप्पट झाली तरी सांभाळायचे तास दुप्पट होत नाहीत. आणि कार्ड काढण्याआधी त्या दिवसाचं दरपत्रक उघडून पाहा, कारण हे दर बदलत असतात.