उतरण्यातली चढण

"चढायला हरकत नाही, उतरताना मात्र जपा," असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. उभा जन्म आपण ऐकत आलो ते नेमके उलटे! पण पर्वतीच्या पायऱ्या उतरू लागलो आणि गुडघ्यांनी डॉक्टरांची बाजू घेतली. उतरताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्याला तोलून धरावा लागतो, हे साठी उलटल्यावर कळले.

घरी येऊन सवयीने शब्दकोश उघडला. इंग्रजीतला 'डिसेंड' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. लॅटिनमध्ये 'दे' म्हणजे खाली आणि 'स्कान्देरे' म्हणजे चढणे. थोडक्यात, उतरणे म्हणजे खालच्या दिशेने चढणे! आपला संस्कृत 'स्कन्द्', म्हणजे उडी घेणे, हाही त्याच कुळातला. 'डाउन'ची गंमत आणखी निराळी. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी. 'टेकडीवरून' या अर्थाचा शब्दप्रयोग झिजत झिजत 'डाउन' झाला. दक्षिण इंग्लंडमधल्या टेकड्या म्हणूनच अजून 'डाउन्स' म्हणवतात.

आपले 'उतरणे' तरी कुठे सरळ आहे? त्यातल्या 'उत्'चा अर्थ वर. पाण्यातून वर येणे, पैलतीराला लागणे, हा मूळ भाव. नावेतून काठावर पाय ठेवला की माणूस उतरला. पुढे ताप उतरला, भाव उतरले, चेहरा उतरला, कुणी मनातून उतरले. आम्ही बँकवाले तर कर्ज देताना विमासुद्धा उतरवून घेत असू.

'डिसेंट' म्हणजे वंशपरंपराही. डार्विनच्या १८७१ सालच्या ग्रंथाच्या नावात तो याच अर्थाने आहे. इंग्रजी कायद्यात मृत्युपत्रावाचून वारसाकडे जमीन जाणे, तेही 'डिसेंट'. आपल्याकडे वारसाच्या हाती सात-बाराचा उतारा असतो. तिथे अर्थ नकलेचा, पण शब्द उतरण्याचाच.

असाच एक उतारा घेऊन एक म्हातारी आमच्या शाखेत आली होती. मी तेव्हा तिशीतला अधिकारी, गाव तालुक्याचे, बँक पहिल्या मजल्यावर. नवऱ्याच्या खात्यातले सातशे-आठशे रुपये तिला हवे होते. "आजी, उतारा चालत नाही, वारसाचा दाखला आणा," मी म्हणालो. पुढच्या खेपेला दाखल्यावर नाव चुकलेले निघाले. तिसऱ्या खेपेला ती वर आलीच नाही. जिन्याच्या तळाशी बसून तिने निरोप पाठवला, "साहेबाला म्हनावं, गुडघं चालत न्हाईत." मी वरूनच सांगितले, सही समक्ष लागेल. नियम तसाच होता. पण समक्ष म्हणजे माझ्या टेबलासमोरच, असे कुठे लिहिले होते? शेवटी आमचा शिपाई तिला हाताला धरून वर घेऊन आला. पैसे मिळाले. जाताना ती मलाच नमस्कार करून गेली.

'डिसेंड'चाच एक भाऊ आहे, 'कंडिसेंड'. दुसऱ्याच्या बरोबरीला खाली उतरणे, हा त्याचा धात्वर्थ. एके काळी ती स्तुती होती. थोरामोठ्यांच्या आपुलकीला तो शब्द वापरीत. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये कॉलिन्स हा पाद्री आपल्या आश्रयदात्रीचे याच शब्दाने गोडवे गातो, आणि वाचकाला हसू येते. आज त्या शब्दाचा अर्थ उरला आहे तो तुच्छतेने वागणे एवढाच. उतरल्याचा नुसता आव आणणाऱ्यांनीच तो शब्द उतरवला असावा.

मी तर आवही आणला नव्हता. अठरा-वीस पायऱ्या होत्या आणि माझे गुडघे तेव्हा धडधाकट होते. आता पर्वती उतरताना दर चार पायऱ्यांनी थांबतो, कठड्याला धरतो, आणि प्रत्येक वेळी ती जिन्याच्या तळाशी बसलेली दिसते.